सत्राच्या मध्यात विषय सोडले तर पेल ग्रांट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी अमेरिकेची फेडरल मदत) परत मागतात का?

प्रश्न: न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजला आहे, या सत्रात १२ क्रेडिट्स. बाबांची बायपास झाली, त्यांच्याजवळ मीच असते. ४ क्रेडिट्सचं अ‍ॅनाटॉमी सोडू, की सगळंच?

उत्तर १: अगं, आधी बाबांना बरं वाटू दे. मी एका कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करते, म्हणून कळकळीने सांगते: सगळं एकदम सोडू नकोस. सगळे विषय सोडले तर सत्राचे जितके टक्के दिवस झाले, तितकीच फेडरल मदत तुझी. ३० टक्के दिवसांना ३० टक्के. बाकीची परत जाते आणि फीची बाकी तुझ्या नावावर निघते. ६० टक्के दिवस ओलांडले की पूर्ण मदत तुझी. १५ आठवड्यांच्या सत्रात हा टप्पा साधारण नववा आठवडा संपताना येतो. तोवर तग धरता आला तर बघ. आणि न कळवता वर्गात जाणं थांबवू नकोस, तेही सोडल्यातच धरतात.

उत्तर २: एकच विषय सोडलास तरी ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याचा शेरा) लागतो. तो घेतलेल्या क्रेडिट्समध्ये धरतात, पूर्ण केलेल्यांत नाही. मदत चालू राहायला बऱ्याच कॉलेजांत घेतलेल्यांपैकी ६७ टक्के क्रेडिट्स पूर्ण लागतात. १२ पैकी ८ म्हणजे अगदी काठावर. आधीच्या सत्रांचे धरून हिशेब कर. मदत थांबलीच तर अपील करता येतं, बाबांचे हॉस्पिटलचे कागद जपून ठेव.

उत्तर ३: कर्ज असेल तर ६ क्रेडिट्सच्या खाली जाऊ नकोस, परतफेडीआधीची ६ महिन्यांची मुदत तेव्हाच मोजायला सुरुवात होते.

प्रश्नकर्ती: कर्ज नाही. आता सातवा आठवडा चालू आहे. अ‍ॅनाटॉमीच्या सरांशी उद्याच बोलते.