मदत हवी आहे: खाडीतला धोंडा आणि बर्फातला धोंडा

नमस्कार मंडळी. आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीत उधाणाच्या ओहोटीला चिखलात एक काळा धोंडा उघडा पडतो, बैलगाडीएवढा. कालवं काढणाऱ्या बाया त्यावर टोपल्या टेकवतात. जांभ्याचा असता तर वरच्या कड्यातून निसटला म्हटलं असतं, पण हा काळा कातळ. बाजूने पहार घातली, दोन हात खाली नुसता चिखल.

भाचा कॅनडात, इकालुइटला असतो. त्याने तिथल्या ओहोटीचा फोटो पाठवला. चिखलावर धोंडेच धोंडे! तिथे भरती-ओहोटीत 11 मीटरपर्यंत फरक पडतो म्हणे. हिवाळ्यात ओहोटीला समुद्राचा बर्फ तळाला टेकतो, धोंड्याला धरून गोठतो आणि भरतीबरोबर त्याला घेऊन वर येतो. उन्हाळ्याच्या तोंडी बर्फ फुटला की लाद्या तरंगत जातात. वितळल्या की धोंडा तिथेच बसला.

मी हिशोब मांडून पाहिला. एक घनमीटर बर्फ जेमतेम 100 किलो उचलतो. टनाचा दगड पाण्यात सव्वासहाशे किलोच्या आसपास भरतो, म्हणजे सहा-सात घनमीटरची लादी पुरे. फार नाही!

आता प्रश्न. तिकडचा धोंडा अशा लादीने आणला की जुन्या हिमनदीने टाकला, हे जागेवर कसं ओळखतात? धोंड्यामागे फरफटीचा चर दिसतो तेवढंच मला माहीत आहे. आणि आमच्याकडे बर्फ फक्त मासळीच्या पेटीत, मग हा इथे आला कसा? भूशास्त्रवाल्यांनी कृपया सांगावं. पुढच्या अमावास्येला फोटो काढून टाकतो.