बँडीकूट म्हणजे घूसच का?

रानपाखरू: ऑस्ट्रेलियातल्या वन्यजीवांवरचा एक लेख मराठीत करतेय आणि बँडीकूटपाशी अडकलेय. डिक्शनरी सरळ 'घूस' सांगते. पण लेखातला प्राणी पोटाला पिशवी असलेला आहे, व्हिक्टोरिया राज्यात त्याची एक जात जंगलातून नामशेष झाली होती, मग कोल्ह्यांपासून वाचवायला कुंपणं घातली, राखणीला मरेमा कुत्री ठेवली आणि २०२१ मध्ये तिचा दर्जा सुधारून 'धोक्यात' वर आला. इथे 'घुशींना वाचवलं' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर भिंत पोखरणारी घूसच येणार ना? काय लिहू?

ताडपत्र: घूस नकोच. मूळ शब्द तेलुगू, पंदिकोक्कु. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर. इंग्रजांनी तो आधी घुशीसाठी उचलला आणि नंतर ऑस्ट्रेलियात लांब तोंडाचा, जमीन उकरणारा प्राणी दिसला तर त्यालाही तेच नाव देऊन मोकळे झाले. दोघांचं नातं काहीच नाही, घूस उंदराच्या कुळातली आणि तो कांगारूच्या गोतावळ्यातला. शास्त्रीय नावात बँडिकोटा अजून घुशीकडेच आहे.

जुनीपानं: तेलुगूपर्यंत जायचं कशाला, आपला 'बांडा' आहे की! बांड्या शेपटीचा तो बांडी, त्यावरून बँडी. मला तरी हे पटतं.

ताडपत्र: घुशीची शेपूट चांगली लांबलचक असते हो, तिला बांडी कोण म्हणेल? आणि मग 'कूट' कुठून आणणार? तेलुगूत उच्चारही जुळतो आणि अर्थही. मोठी घूस कोंडीत सापडली की पाठीवरचे राठ केस उभे करते आणि डुकरासारखी गुरगुरते. मी टाकीमागे अडकलेली एक पाहिलीय, काठी पुढे केली तर मागे सरायचं सोडून अंगावरच आली, आणि तो आवाज उंदराचा आहे असं वाटतच नव्हतं. ज्याने हे नाव ठेवलं त्याने ती जवळून ऐकली असणार.

मातीचाघडा: 'पिशवीघूस' करा. इंग्रजी शब्द जसाच्या तसा आणून ठेवायचा तर अनुवाद कशाला करायचा? आपण शब्द घडवायचंच सोडून दिलंय, याचं खरंच वाईट वाटतं.

रानपाखरू: पण त्यात पुन्हा घूस आलीच की. आणि हा प्राणी किडे, गांडुळं, बुरशी शोधत मातीत नाक खुपसून छोटे शंकूसारखे खड्डे करतो, पिशवीचं तोंडही मागच्या बाजूला असतं म्हणजे उकरताना पिल्लांवर माती पडत नाही. इतकं वेगळं जनावर घुशीच्या नावावर का घालायचं?

चौथीकड: बँडीकूटच लिहा, पहिल्यांदा येईल तिथे 'पिशवी असलेला छोटा प्राणी' एवढं सांगा, झालं. कांगारूला मराठी शब्द कुणी मागितला का?

मातीचाघडा: कांगारू चित्रासकट आला, म्हणून रुजला. पाणघोडा बघा, घोड्याशी त्याचं काय नातं? तरी कुणाचं अडत नाही, शब्द कानाला मराठी वाटतो म्हणून टिकला. पिशवीघूसही टिकेल, वापरा तर खरं.

चौथीकड: पाणघोडा इथे रानात दिसत नाही, म्हणून गोंधळ होत नाही. घूस रोज दिसते, फरक तिथे आहे.

जुनीपानं: डुक्कर मात्र इंग्रजीत फारच ठिकाणी शिरलंय. पॉर्क्युपाइन म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये काटेरी डुक्कर, आफ्रिकेतला आर्डवार्क नावाचा प्राणी म्हणजे आफ्रिकान्स भाषेत मातीतलं डुक्कर. आपल्या साळिंदराला कुणी डुक्कर म्हटलं नाही.

मातीचाघडा: साळिंदर नाही, सायाळ. तोच खरा शब्द.

जुनीपानं: सायाळ आणि साळिंदर दोन्ही चालतात, साळूही म्हणतात. आमच्या घरी आजी साळिंदरच म्हणायची, तो काय खोटा शब्द झाला?

मातीचाघडा: खोटा म्हटलं नाही मी. पण जुना कुठला ते बघा, साळिंदर नंतरचा वाटतो.

ताडपत्र: 'वाटतो'वर नका जाऊ. दोन्हींत संस्कृत 'शल्य' दिसतंय, शल्य म्हणजे काटा. मग एक खरा आणि एक नंतरचा कसा?