मदत हवी आहे : परदेशातील शाळेत शिकवायला जाताना शहर कोणते निवडावे?

सप्रेम नमस्कार. मी पुण्यातील एका आंतरराष्ट्रीय शाळेत आयबी डिप्लोमाच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे अकरावी-बारावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) वर्गांना गणित शिकवते. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या शैक्षणिक वर्षासाठी दुबई, क्वालालंपूर आणि हनोई येथील शाळांशी माझे बोलणे चालू असून, करार २ वर्षांचा असल्याने निर्णय घाईने घ्यावा असे वाटत नाही.

पगाराइतकेच रोजचे जगणे मला महत्त्वाचे वाटते. कोथरूडला राहत असल्यामुळे शाळा सुटल्यावर वेताळ टेकडीवर फिरायला जाण्याची सवय आहे. दुबईत पगारावर आयकर नाही आणि मुंबईहून विमानप्रवास साधारण ३ तासांचा आहे, हे खरे. परंतु उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जात असताना संध्याकाळीही मोकळ्यावर चालता येते का? क्वालालंपूरला रेल्वेचे जाळे चांगले आहे, इंग्रजी चालते, ब्रिकफील्ड्स या भारतीय वस्तीत कढीपत्त्यापासून डाळींपर्यंत सारे मिळते. पाऊस वर्षभर पडतो, पण त्याचे आम्हाला काही वाटणार नाही. हनोईची तळी व जुनी झाडे मनात भरली आहेत, मात्र तेथील हिवाळ्यातली प्रदूषित हवा माझ्या दमा असलेल्या मुलाला सोसेल का, ही खरी काळजी आहे.

या शहरांत मुलांसह राहून शिकवलेल्यांनी कृपया अनुभव कळवावेत. विशेषतः शाळेजवळ घर परवडते का आणि शाळेच्या आरोग्यविम्यात आधीपासूनचा आजार धरला जातो का, हे समजल्यास फार मदत होईल.