अनुभव धागा: घरात कोणती भाषा, आणि इंग्रजी कितपत?

न्यू जर्सीतल्या एडिसन-इझेलिन भागातल्या मराठी घरांसाठी हा धागा. काही घरांत 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे'चा, म्हणजे अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या सर्वेक्षणाचा फॉर्म येतो. घरातल्या पाच वर्षांवरच्या प्रत्येकाबद्दल त्यात विचारतात: घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी कितपत बोलता येतं? उत्तरं चारच: खूप चांगलं, चांगलं, फारसं नाही, अजिबात नाही. 'खूप चांगलं' सोडून काहीही निवडलं की इंग्रजी कमी येणाऱ्यांत गणना होते. आपण मात्र आई-बाबांच्या नावापुढे सर्रास 'खूप चांगलं' लिहून मोकळे होतो. तुमच्या घरी खरं काय चालतं ते लिहा.

एडिसनची सून
सासूबाई आमच्याकडेच असतात. दुकानात, शेजारीपाजारी त्यांचं इंग्रजी भागतं. डॉक्टरकडे माझा मुलगा सोबत जायचा, तोच सगळं सांगायचा. नंतर कळलं की लघवीचा त्रास त्या कित्येक महिने अंगावर काढत होत्या. नातवासमोर बोलणार कशा? पुढच्या खेपेला मी हॉस्पिटलात दुभाषी मागितली. आधी फोनवर हिंदीवाली दिली. मराठीच हवी म्हटल्यावर बराच वेळ थांबलो, पण मिळाली. मला बाहेर बसायला सांगून आई तिच्याशी घडाघडा बोलल्या. याचे पैसे पडत नाहीत. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या हॉस्पिटलांना १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली ही सोय करावी लागते. पोरांना दुभाषी करू नका, अगदी कळकळीने सांगते.

कोल्हापूरकर
ओक ट्री रोडवर, इथल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, किराणा दुकानात कामाला आहे. दिवसभर गुजराती नाहीतर हिंदी. गुजराती आता फर्मास येतंय, इंग्रजी आहे तिथंच. गिऱ्हाईकाचं समजतंय, पण बँकेचा फोन आला की बायकोकडं देतो. मी 'फारसं नाही' लिहिलं. त्यात लाजायचं काय?

ओवीची आई
शाळेतही घरच्या भाषेचा फॉर्म असतो. 'इंग्रजीच लिही, नाहीतर मुलीला वेगळ्या वर्गात टाकतील' असं मैत्रिणींनी सांगितलं होतं. मी मराठी लिहिलं. तिची चाचणी झाली, काही दिवस ईएसएलच्या (इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्या) बाईंकडे जादा तास मिळाले. नुकसान काहीच नाही. मुख्य म्हणजे घरी मराठी बोलू नका, असं शाळेतलं कुणीही म्हणालं नाही.

धागाकर्ती
एक विनंती. भाषेच्या रकान्यात 'इंडियन' किंवा 'हिंदी' नको, मराठीच लिहा. सर्वेक्षणाच्या भाषांच्या सविस्तर तक्त्यात 'नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा' असा एकच गट आहे. त्यात निदान आपली माणसं तरी दिसू देत.

निवृत्त बँकवाला
तीसेक वर्षं इंग्रजीत पत्रं लिहिली, म्हणून मुलाने माझ्यापुढे 'खूप चांगलं' भरलं. पण प्रश्न बोलण्याचा आहे, लिहिण्याचा नाही. फोनवर इथला उच्चार मला अर्धाच कळतो. सूनबाई, तुमच्या त्या हॉस्पिटलात दुभाषी आधी कळवून ठेवता येते का? गुरुवारी हृदयरोगतज्ज्ञांकडे जायचं आहे.