मदत हवी आहे: जमैकन गँगस्टर सिनेमाचं नाव

गोदाकाठ: नमस्कार. एका जमैकन सिनेमाचं नाव हवंय. दोन बालमित्र, पुढे गुन्हेगारी, गोळीबार. गुरुवारपर्यंत मिळालं तर फार बरं होईल. गूगल करून थकलो.

पाटणकर_७२: साल? कुठे पाहिलात? 'द हार्डर दे कम' असणार, 1972. पेरी हेन्झेल दिग्दर्शक, जिमी क्लिफ नायक. किंग्स्टनच्या कॅरिब थिएटरात पहिल्या खेळाला गर्दी आवरता आवरेना, कारण आपली बोली पडद्यावर ऐकायची लोकांची ती पहिलीच वेळ. हाच बघा.

गोदाकाठ: तो नाही. तो गायकाचा आहे ना? मी पाहिलेला नाही, ऐकलाय फक्त.

सुमेधा_ब्रॅम्प्टन: कोणाकडून ऐकलात? त्यांनाच विचारा की.

गोदाकाठ: तेच तर करता येत नाही. आमच्या गोदामात रात्रपाळीला किंग्स्टनचे एक काका आहेत, शुक्रवारी त्यांचा शेवटचा दिवस. तीन वर्षं त्यांनी मला सांभाळून घेतलं. हा सिनेमा ते शब्दन् शब्द सांगतात. त्यांना तो भेट द्यायचाय, न कळवता.

डोंबिवली_फास्ट_नाही: मग 'शॉटाज'! दोन मित्र, किंग्स्टन ते मायामी. बॉब मार्लेचा मुलगा काय-मनी आहे त्यात. थिएटरात 2006 ला आला, पण चोरटी प्रत आधीच घरोघर पोचली होती. मी तीच पाहिली.

पाटणकर_७२: आणि हे अभिमानाने सांगता? तीस लाखांच्या आतबाहेर वस्तीचं बेट, थिएटरं बोटांवर मोजण्याइतकी. तिथे पैसे वसूल व्हायचे ते परदेशातल्या जमैकन लोकांच्या तिकिटांतून आणि डिस्कमधून. हेन्झेल जाहिरातपट करून पोट भरायचा. पैसे संपले की शूटिंग थांबायचं.

डोंबिवली_फास्ट_नाही: डिस्क विकतच मिळत नव्हती, मी काय करायचं होतं? त्या चोरट्या प्रतींमुळेच सिनेमाचं नाव झालं.

पाटणकर_७२: नाव झालं, निर्मात्याच्या हातात काय पडलं?

कॅप्टन_नाईक_मडगाव: किंग्स्टन बंदरात माझी बोट दोनदा लागली होती. सबाइना पार्क पाहून या, त्या मैदानासारखं दुसरं नाही.

सुमेधा_ब्रॅम्प्टन: कॅप्टन, ते जमैकाला निघालेले नाहीत :) गोदाकाठ, गोष्टीतलं अजून काही आठवतंय? दोघंही गुंड की एक पोलीस?

गोदाकाठ: एक पोलीस. सांगितलं नव्हतं का? आणि डॉनला एकच हात. काका हात बाहीत लपवून त्याची नक्कल करतात.

सुमेधा_ब्रॅम्प्टन: अहो, हे आधी सांगायचं! 'थर्ड वर्ल्ड कॉप', 1999, दिग्दर्शक ख्रिस ब्राउन. पॉल कॅम्पबेल झालाय पोलीस, नाव कपोन. पोर्ट अँटोनियोहून बदली होऊन किंग्स्टनला येतो, तर लहानपणीचा मित्र रॅटी त्या डॉनच्या टोळीत. चर्चच्या नावाने आलेल्या मालातून बंदुका येतात.

गोदाकाठ: चर्च! हो, हाच!! ताई, खूप खूप आभार.

पाटणकर_७२: तो एकहाती डॉन म्हणजे कार्ल ब्रॅडशॉ, 'हार्डर दे कम'मधला होझे. म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो. आणि 'थर्ड वर्ल्ड कॉप' फिल्मवर नाही, डिजिटल व्हिडिओवर काढलाय. 1997 च्या 'डान्सहॉल क्वीन'ने ती वाट पाडली होती. दोन्हींमागे ख्रिस ब्लॅकवेल, बॉब मार्लेची रेकॉर्डं काढणारा. खर्च आवाक्यात आला म्हणून स्थानिक कथा पडद्यावर आली, आणि जमैकात ती तुफान चालली.

रेवदंडा: पण जमैका म्हटलं की बंदुकाच का दाखवायच्या? तिथल्या लोकांना राग येत नाही?

सुमेधा_ब्रॅम्प्टन: माझ्या शेजारीण जमैकन आहेत. 1980 च्या निवडणुकीच्या वर्षी त्यांच्या गल्लीत रात्र रात्र गोळ्या चालत. पक्षांनी वस्त्या वाटून घेतल्या होत्या, शेकडो माणसं मेली. त्या म्हणतात, हे आम्हीच सांगायला हवं, बाहेरच्यांनी नाही.

गोदाकाठ: डीव्हीडी आली होती का? आणि माझ्यासाठी सबटायटल हवेत, ती बोली मला अर्धीच कळते.

डोंबिवली_फास्ट_नाही: डीव्हीडी आली होती. जुन्या डिस्क विकणाऱ्यांकडे बघा, पण डिस्कवर उत्तर अमेरिकेचा रीजन (ती कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालते तो कोड) आहे ना, ते तपासून घ्या. आणि काकांकडे प्लेयर आहे का, ते आधी बघा.

गोदाकाठ: प्लेयरचं लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्या मुलीला आत्ता फोन करतो.