न झालेल्या नवऱ्याची परवानगी

अर्धविराम
वय २७. मूल नको, हे गेली दहा वर्षं पक्कं आहे. गोळ्यांनी डोकं उठतं, तांबीने पाळी पंधरा-पंधरा दिवस चालली, म्हणून नळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. तीन डॉक्टर झाले. पहिल्यांनी वय ऐकूनच हात जोडले. दुसऱ्यांनी मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी आणायला सांगितली. तिसऱ्या बाई मात्र गोड. प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे गर्भाशय, दोन्हीकडच्या नळ्या, टोकाला अंडाशय असं सुबक चित्र काढलं, कुठे कापतात तिथे रेघा मारल्या. अंडाशय जागेवरच राहतात, त्यामुळे पाळी चालू राहते, हेही समजावलं. मग पेनाला टोपण लावत म्हणाल्या, "उद्या लग्न झालं आणि नवऱ्याला मूल हवं असलं तर?"

मी एकटी राहते. म्हणजे जो माणूस अजून आयुष्यात आलेलाच नाही, त्याचं मत माझ्या मतापेक्षा वजनदार! चित्राचा कागद मागितला, तर तोही ड्रॉवरमध्ये गेला. बोला.

टाके
त्या तिसऱ्या बाईंच्या खुर्चीत मी रोज बसते, म्हणून लिहिते. नवऱ्याचा प्रश्न चूकच, त्याची वकिली करणार नाही. पण वयाची धास्ती हवेतून आलेली नाही. अमेरिकेत १९७८ ते १९८७ दरम्यान ऑपरेशन झालेल्या हजारो बायकांचा पुढे कित्येक वर्षं पाठपुरावा केला गेला. तिशीपर्यंत ऑपरेशन झालेल्यांत १४ वर्षांमध्ये पश्चात्ताप बोलून दाखवण्याचं प्रमाण २०.३ टक्के निघालं, तिशीनंतरच्यांत ५.९. पाचात एक. हा आकडा डोक्यात ठेवून एकदा टेबलाशी उभ्या राहा.

माझीच एक पेशंट सात वर्षांनी परत आली. ऑपरेशन २५ व्या वर्षी, तिच्या हट्टाने. जुनी फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. भांडायला नव्हती आली. संमतीपत्रावरच्या स्वतःच्या सहीवर बोट ठेवून म्हणाली, "ही मीच ना?" नळ्या बांधलेल्या असतील तर पुन्हा जोडून बघता येतात, पण यशाची हमी नाही आणि गर्भ नळीतच रुजण्याचा धोका वाढतो. हल्ली तर अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो म्हणून आम्ही बऱ्याचदा अख्ख्या नळ्याच काढतो. मग टेस्ट ट्यूबशिवाय मार्ग नाही. तिची सही कायद्याला पुरते. मला रात्री पुरत नाही.

अर्धविराम
तुमच्या पेशंटबद्दल खरंच वाईट वाटलं. पण तो अभ्यास अर्धाच सांगितलात. त्याच अभ्यासात मूल नसताना ऑपरेशन केलेल्यांत पश्चात्तापाचं प्रमाण ६.३ टक्केच आहे. तरुणपणी, बाळंतपणाच्या आसपास उरकून टाकलेल्यांत ते जास्त. म्हणजे दोन पोरांच्या आईला लगेच तारीख मिळते आणि आम्हाला चिठ्ठी आणायला पिटाळतात. उलटं नाही का हे?

टाके
६.३ बरोबर आहे. पण त्या बायका कोण? त्या काळी मूल नसलेली बाई टेबलापर्यंत पोचायची ती दहा दारं ठोठावून. ज्या डळमळीत होत्या त्या पहिल्याच दारातून परत गेल्या असणार. गाळलेलं पाणी स्वच्छ निघालं म्हणून गाळणीच फेकून द्यायची?

तिरपागडा
गाळणीवरून आठवलं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा १९६० च्या दशकात एक हिशोब होता: बाईचं वय गुणिले मुलांची संख्या, उत्तर १२० भरलं तरच ऑपरेशन. वय तीस, मुलं चार, पास! मूलच नसेल तर वयाने शंभरी गाठली तरी गुणाकार शून्य. आणि त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली एका तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली होती, ती मतिमंद आहे असं म्हणून. जिला नको तिची करून टाकायची, जिला हवी तिला पाढे म्हणायला लावायचे. (त्याच संघटनेने २०१७ मध्ये स्पष्ट लिहिलं, की मूल नसलेल्या तरुण बाईने मागितलं तर हे ऑपरेशन करणं नैतिकदृष्ट्या योग्य आहे. तेवढं झालं, पण पन्नास वर्षं गेली.)

काठावर
मी असहमत. २४ व्या वर्षी मीही शपथेवर सांगितलं असतं की मूल नको. ३३ व्या वर्षी मुलगी झाली. मला कुणी भरीस घातलं नाही, माझं मलाच वाटायला लागलं. तेव्हा कुणी ऑपरेशन करून दिलं असतं तर? दंडात बसवायची बारीक कांडी मिळते, ती फसण्याचं प्रमाण तर नळ्यांच्या ऑपरेशनपेक्षाही कमी. नको झाली की काढा. कायमचंच कशाला हवं?

अर्धविराम
कांडीतही हार्मोनच असतो हो. गोळ्यांचं काय झालं ते वर लिहिलंय. आणि तुमचं मत बदललं म्हणून माझं बदलेल, हे म्हणजे तुम्हाला चष्मा लागला म्हणून मी आत्ताच करून ठेवण्यासारखं.

डावखुरा
पुरुषांच्या बाजूने थोडं. २९ व्या वर्षी, लग्न न झालेलं असताना नसबंदी करून घेतली. दोघांनी नाही म्हटलं, त्यातल्या एकाने 'होणाऱ्या बायको'चं काय असं विचारलंच. तिसरा म्हणाला, "ही कायमची धरूनच चालायचं, कळतंय ना?" बस. तेवढ्या जागेपुरती भूल, वीसेक मिनिटं, मी छतावरच्या डागाकडे बघत पडलो होतो आणि डॉक्टर क्रिकेटवर बोलत होते. फक्त एक, लगेच मोकाट सुटू नका. साधारण तीन महिन्यांनी वीर्य तपासून शुक्राणू नाहीत अशी खात्री होईपर्यंत दुसरं साधन वापरावंच लागतं. माझा एक मित्र यातच फसला.

काठावर
आणि पुढे मूल हवंसं वाटलं तर?

डावखुरा
तर वाईट वाटेल. माझं मला. डॉक्टरच्या दारात जाणार नाही.

टाके
सगळे तसं म्हणतात, फाइल आणणारीही म्हणाली होती.

तरी माझी पद्धत सांगते. आता मी थेट नाही म्हणत नाही. पहिल्या भेटीत सगळं सांगते, परत फिरता येणार नाही हे दोनदा सांगते आणि दोन महिन्यांनंतरची तारीख देते. चिठ्ठी नाही, सोबत कुणाला आणायची अट नाही. त्या तारखेला आली तर पुन्हा उलटतपासणी घेत नाही. काही जणी येत नाहीत. त्यांचं मन बदललं की त्या दुसरीकडे गेल्या, मला कधीच कळत नाही. दोन महिने थांबवणं हेही अडवणंच म्हणायचं असेल तर म्हणा, एवढं मी सोडणार नाही.

अर्धविराम
नाही म्हणत. दहा वर्षं थांबलेय, त्यात दोन महिने काय! तारीख हातात मिळाली असती तर हा धागाच काढला नसता. पुढच्या आठवड्यात चौथ्या डॉक्टरांकडे चाललेय. या वेळी चित्र घरूनच काढून नेते.