ताकातला केक खचला, काय चुकलं?

नमस्कार मंडळी,

महिनाभर लेकीला घेऊन माहेरी, दादरला आले आहे. न्यू जर्सीत बटरमिल्क घालून नेहमी करते तोच केक काल इथे आईच्या ताकात केला. प्रमाण तेच. मिश्रण पळीवरून पाण्यासारखं ओघळायला लागलं तेव्हाच पोटात गोळा आला. केक मधोमध खचला, तळाशी खळीसारखा चिकट थर आणि चव साबणाची. लेकीनं एक घास खाऊन बशी सरकवली. आजीच्या ओट्यावर तिच्यासोबत केलेला पहिला पदार्थ, म्हणून जास्तच लागलं मनाला.

---

ताई,

हात तुमचा चुकलेला नाही. मी तिकडून परत येऊन पार्ल्यात संसार मांडला तेव्हा माझेही दोन केक असेच गेले. तिकडच्या डब्यातलं बटरमिल्क म्हणजे आपलं ताक नव्हेच. ते बहुतेक वेळा साय काढलेल्या दुधाला विरजण लावून केलेलं असतं, दाट आणि चांगलं आंबट. आपण दही घुसळतो, लोणी काढतो आणि वर सढळ हातानं पाणी घालतो. प्यायला तेच उत्तम, पण केकला लागणारा आंबटपणा त्यात उरत नाही. सोड्याची आंबटाशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केक फुलतो. आंबट कमी पडलं की सोडा उरतो. ती साबणाची चव त्याचीच.

१ कप बटरमिल्कच्या जागी पाऊण कप दही आणि पाव कप दूध रवीनं घोटून घ्या. दही रात्री लावलेलं, सकाळी फ्रिजमध्ये न टाकता दुपारपर्यंत ओट्यावरच ठेवलेलं. मुंबईच्या मे महिन्यात तेवढ्यात ते छान आंबतं. एवढ्याला सोडा अर्धा छोटा चमचा, मैद्याबरोबर चाळून. ओलं-कोरडं एकत्र केलंत की फेटत बसू नका, लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये. पिशवीतलं मसाला ताक मात्र नको, त्यात जिरं-मीठ असतं.

तिकडे परत गेलात की हेच उलटं करायचं. डब्यातलं बटरमिल्क कढीला घेताना निम्मं पाणी घाला, मीठ आधी चाखून बघा (काही डब्यांत असतं), बेसन गारच असताना गुठळ्या मोडून कालवा आणि पहिली वाफ येईपर्यंत ढवळणं थांबवू नका. खळखळून उकळलीत तर फुटते.

आणि आईचं ते उरलेलं ताक टाकू नका हो! उद्यापर्यंत आंबट होईल, त्याची उकड करा. लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता, हिंग, हळद यांची फोडणी, तीन वाट्या ताकात वाटीभर तांदळाचं पीठ कालवून त्यात ओतायचं, घोटत राहायचं, मग झाकण ठेवून दोन दणदणीत वाफा. पीठ चकाकायला लागलं की झाली.

तुमची पार्ल्याची काकू

---

काकू,

आज दुपारी दही घोटून केक केला. कडा सोनेरी, मधे सुरी घातली ती कोरडी बाहेर आली. लेकीनं आजीला स्वतः कापून दिला. संध्याकाळी आईनं उकड केली, वर कच्चं तेल सोडून. ती मात्र लेकीनं केकपेक्षा जास्त खाल्ली, कढईची खरवडसुद्धा मागून घेतली. आता परत गेल्यावर उकडीला तिकडचं बटरमिल्क किती पातळ करू, तेवढं सांगा.